सीएसआरचे दोन टक्के नक्की कोणाच्या खिशातून जातात?

सावली_सांगली
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वडिलांनी ९० च्या दशकात एका केमिकल कंपनीचे शेअर घेतले होते, ते आता माझ्या नावावर आहेत, ३४० शेअर. मी बँकेत २९ वर्षं नोकरी केली पण खरं सांगायचं तर कंपनीचा अॅन्युअल रिपोर्ट कधी उघडून वाचला नव्हता, डिव्हिडंड आला की पासबुकात बघायचं, संपलं. यावर्षी डिव्हिडंड कमी आला म्हणून पहिल्यांदा रिपोर्ट वाचायला बसले. त्यात मागं एक सीएसआरचं, म्हणजे कंपनीनं समाजासाठी केलेल्या खर्चाचं, परिशिष्ट होतं. शाळेला बाकं, वॉटर फिल्टर, वृक्षारोपण, आरोग्य शिबिर, असं बरंच काही.

वाचून बरं वाटलं आणि मनात एक प्रश्नही आला. हे पैसे कोणाचे? माझ्यासारख्या भागधारकांचेच ना? मग आम्हाला न विचारता कंपनी दान कशी करते? आणि दुसरीकडं असंही वाटतं की एवढा नफा मिळवता तर समाजाला काही द्यायला नको का. दोन्ही पटतंय, म्हणून इथल्या जाणकारांना विचारतेय. कंपनीची जबाबदारी नक्की कोणाशी, आमच्याशी की समाजाशी?

ताळेबंद
सावलीताई, चांगला प्रश्न. मी सीए आहे, कायद्याचा भाग सांगतो, बाकीचे लोक भर घालतीलच.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. आदल्या आर्थिक वर्षात नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी कंपनी सीएसआरमध्ये येते. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करायचे. १ एप्रिल २०१४ पासून हे सुरू झालं. सुरुवातीला खर्च केला नाही तर कारण लिहून सुटता यायचं, २०२१ पासून तसं नाही. चालू प्रकल्पाचे पैसे उरले तर वेगळ्या खात्यात टाकून तीन वर्षांत खर्च करायचे, बाकीचे उरले तर सरकारी फंडात भरायचे, नाहीतर दंड.

म्हणजे 'दान' हा शब्द इथं बसत नाही ताई, हे कायद्यानं लावलेलं बंधन आहे. आणि पैसे कोणाच्या खिशातून म्हणाल तर हो, शेवटी भागधारकांच्याच. इन्कम टॅक्समध्येसुद्धा हा खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळत नाही, २०१४ च्या फायनान्स अॅक्टनं ते स्पष्ट करून टाकलंय. पण तुमचा डिव्हिडंड यामुळं कमी झाला असं मला वाटत नाही. १०० रुपये नफ्यातले २ रुपये गेले म्हणून डिव्हिडंड डोळ्यात भरेल इतका खाली येत नाही, कारण दुसरं असणार.

थेट_सवाल
माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते मी प्रामाणिकपणे मांडतो, कृपया भांडवलदारांचा हस्तक म्हणू नका.

मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञानं १९७० साली न्यूयॉर्क टाइम्सच्या मॅगझिनमध्ये लेख लिहिला होता, त्याचा मुद्दा आजही खोडून काढायला अवघड आहे. मॅनेजर हा मालकाचा नोकर आहे, मालक म्हणजे भागधारक. तो दुसऱ्याच्या पैशानं समाजसेवा करतो तेव्हा एक प्रकारे कर लावतो आणि तो कुठं खर्च करायचा तेही स्वतःच ठरवतो, आणि त्याला कोणी निवडून दिलेलं नाही. सावलीताईंना शाळेला बाकं द्यायची असतील तर त्या डिव्हिडंडमधून स्वतः देतील, त्यांच्या गावच्या शाळेला देतील. कंपनीनं कायदा पाळावा, फसवणूक करू नये, टॅक्स भरावा, नफा कमवावा. शाळा बांधणं सरकारचं काम आहे, त्यासाठीच टॅक्स घेतात ना?

मिशिगनकर
थेट_सवाल, तुमच्या मुद्द्याला इथं शंभर वर्षांचा इतिहास आहे. मी डेट्रॉइटजवळ राहतो, इथल्या लोकांना ही गोष्ट तोंडपाठ असते.

१९१४ मध्ये हेन्री फोर्डनं कामगारांचा रोज जवळजवळ दुप्पट करून ५ डॉलर केला आणि पाळी आठ तासांची केली. पुढं १९१६ मध्ये त्यानं जाहीर केलं की आता विशेष डिव्हिडंड देणार नाही, पैसा कारखाना वाढवायला वापरणार, गाडी स्वस्त करणार, जास्तीत जास्त लोकांना काम देणार. कंपनीत १० टक्के हिस्सा असलेले डॉज बंधू कोर्टात गेले. १९१९ साली मिशिगनच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कंपनी मुळात भागधारकांच्या नफ्यासाठी चालवायची असते, आणि फोर्डला एक कोटी नव्वद लाख डॉलरच्या वर डिव्हिडंड वाटायला लावला. तिथून 'भागधारक पहिला' हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात बसलं.

आता दुसरी बाजूपण बघा. डॉज बंधू तोपर्यंत स्वतःच्या गाड्या बनवायला लागले होते आणि त्यासाठी त्यांना हाच डिव्हिडंड हवा होता, म्हणजे फोर्डला समाजाच्या नावाखाली स्पर्धकाची रसद तोडायचीपण होती असं बरेच अभ्यासक मानतात. ५ डॉलर रोजाचंही तसंच, कामगार टिकत नव्हते, रोज नवीन माणसं शिकवावी लागायची, मजुरी वाढवल्यावर ते थांबलं. म्हणजे कामगाराचं भलं आणि कंपनीचं भलं एकाच निर्णयात झालं. माझं म्हणणं एवढंच की 'समाज की भागधारक' असा सरळ सामना प्रत्यक्षात क्वचित असतो.

आणि ऑगस्ट २०१९ मध्ये इथल्या बिझनेस राउंडटेबलनं, १८१ मोठ्या कंपन्यांच्या सीईओंनी, सही करून सांगितलं की आम्ही ग्राहक, कामगार, पुरवठादार, आजूबाजूचा समाज आणि भागधारक या सगळ्यांशी बांधील आहोत. मी ज्या प्लांटमध्ये काम करायचो तिथं पुढच्याच वर्षी माणसं कमी केली, त्यामुळं मी अशा सह्यांवर विश्वास ठेवायचं बंद केलं. कागदावर काय लिहिलंय ते बघत नाही, कारखान्यात काय चाललंय ते बघतो.

ताळेबंद
एक भर. अमेरिकेचं सोडा, आपल्याकडं कायद्यातच उत्तर आहे. याच २०१३ च्या कायद्यात कलम १६६(२) वाचा. संचालकानं कंपनीच्या, कामगारांच्या, भागधारकांच्या, समाजाच्या हितासाठी आणि पर्यावरणाच्या रक्षणासाठी काम करायचं, असं स्वच्छ लिहिलंय. म्हणजे फ्रीडमनसाहेबांचा 'फक्त भागधारक' भारतात कायद्याच्या अक्षराला धरूनसुद्धा चालत नाही. सगळे १३५ बद्दल बोलतात कारण तिथं आकडा आहे, १६६ ला आकडा नाही म्हणून कोणी वाचत नाही.

खाडीकाठ
मी मोठं लिहिणारेय, वेळ असेल तर वाचा.

कोकणात एमआयडीसीच्या खालच्या अंगाला खाडीवर आमचं गाव. बाबा पाग म्हणजे फेकजाळं टाकायचे, बोय मासळी मिळायची, आई आणि काकी ओहोटीला कालवं फोडायला, तिसऱ्या काढायला जायच्या. मी सातवीत होतो तेव्हा पहिल्यांदा बघितलं, जूनचा पहिला मोठा पाऊस झाला आणि सकाळी अख्ख्या खाडीच्या कडेला बोय पोट वर करून पडलेली, वास असा की घरात भात शिजत असला तरी तोच वास. मोठी माणसं म्हणाली, पाऊस पडला की वरून सोडतात, वाहून जातं, नमुना घ्यायला माणूस येईपर्यंत पाणी स्वच्छ. नंतर ते दर दोन-चार वर्षांनी व्हायला लागलं. बाबांनी होडी विकली तेव्हा मी बारावीला होतो.

आता सावलीताईंनी वॉटर फिल्टर लिहिलंय म्हणून सांगतो. आमच्या शाळेतपण एका कंपनीनं फिल्टर दिला. निळी टाकी, वर कंपनीचं नाव, उद्घाटनाला मोठी माणसं आली होती, आम्हाला लाडू दिले. फिल्टर चांगला होता, मी दोन वर्षं त्याचंच पाणी प्यालो, त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याच्याआधी शाळेला फिल्टर लागतच नव्हता. शाळेमागं विहीर होती, आमच्या आजोबांच्या पिढीनं खणलेली, गोड पाणी. ती पिवळी पडायला लागली, बाई म्हणाल्या हे पाणी पिऊ नका, म्हणून फिल्टर आला.

तुम्ही सगळे दोन टक्क्यांवर बोलताय. मला त्या दोन टक्क्यांबद्दल काहीच तक्रार नाही. माझा प्रश्न उरलेल्या ९८ चा आहे, ते कसे कमावले. सांडपाणी नीट साफ करायला वीज लागते, केमिकल लागतं, माणूस लागतो, तो खर्च वाचला की नफा वाढतो, आणि त्या वाढलेल्या नफ्याचे दोन टक्के आम्हाला फिल्टर होऊन परत येतात. खर्च आमच्या खाडीनं केला, त्याची नोंद कुठल्या ताळेबंदात आहे सांगा.

गावोगावी
खाडीकाठ, वाचून गलबलून आलं. विहिरीचं जे लिहिलंय ते माझ्या डोक्यातून जाणार नाही.

मी एका संस्थेत आहे, सीएसआरच्या पैशावरच आमची कामं चालतात. काही कामं खरोखर चांगली होतात, आमच्या पाणलोटाच्या कामामुळं दोन गावांत उन्हाळ्यात टँकर बंद झाले हे मी स्वतः बघितलंय. कायद्यात तर लिहिलंय की कंपनी जिथं काम करते त्या भागाला प्राधान्य द्या. पण प्रत्यक्षात कारखाना एका टोकाला आणि पैसा हेड ऑफिसजवळच्या शहरात, असं बरंच चालतं, कारण साहेबांना भेट द्यायला तिथं सोपं जातं. आणि मार्च महिन्यात फोन येतात, 'एकतीस तारखेच्या आत एवढे लाख खर्च करून द्याल का?' आम्ही गावकऱ्यांशी सहा महिने बोलून बंधारा ठरवतो आणि वरून निरोप येतो की यंदा बंधारा नको, सोलर दिवे लावा, फोटो चांगले येतात.

थेट_सवाल
खाडीकाठ, तुमच्या विरोधात माझ्याकडं मुद्दा नाही. कायदा पाळावा हे मी आधीच म्हटलंय, तुमच्याकडं कायदाच मोडला गेलाय. फ्रीडमनच्या हिशोबातसुद्धा हे बसत नाही.

खाडीकाठ
मान्य, पण मोडला गेलाय हे सिद्ध कोण करणार दादा? बाबा? त्यांच्याकडं होडी आणि पाग होता.

मिशिगनकर
भोपाळ आठवतंय का कोणाला. २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र. एमआयसी या विषारी रसायनाची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने आधी बंद केलेली होती, गॅस जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर दुरुस्तीला काढलेला. कारखाना तोट्यात होता, जिथं जमेल तिथं काटकसर चालली होती. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. भागधारकाचं नुकसान जास्तीत जास्त त्याच्या शेअरच्या किमतीएवढं, ही मर्यादा त्याला कायद्यानं म्हणजे समाजानंच दिलेली आहे. भोपाळमधल्या माणसाच्या नुकसानीला अशी मर्यादा कोणी दिली नव्हती. मालकाची जोखीम कमी करायला समाज मध्ये पडतो, तर समाजाचा हक्क तिथंच तयार होतो, तो नंतरच्या दानाचा विषय नाही.

ऊसकरी
आमच्या पट्ट्यातल्या सहकारी साखर कारखान्यांचा अनुभव सांगतो. आमच्याकडं भागधारक आणि समाज वेगळा नाहीच, सभासदच शेअरवाला आणि सभासदच ऊस घालणारा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी कारखाना काढला, १९५०-५१ ला पहिला गळीत झाला, मग त्याच्या मागनं शाळा, कॉलेज, दवाखाना उभा राहिला, टनामागं कपात करून. आमच्या आजोबांची पिढी कपातीला कधी कुरकुरली नाही, कारण पोरं त्याच कॉलेजात शिकत होती.

पण आता आमच्या कारखान्याची सर्वसाधारण सभा बघा. विषय वाचला की पुढच्या रांगेतली ठरलेली माणसं ओरडतात 'मंजूर, मंजूर', ताळेबंदाला पाच मिनिटं लागत नाहीत. कायद्यानं ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, द्यायची, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. चुलते त्याच व्याजाचं विचारायला कागद घेऊन उठले, तर माइक दुसरीकडं गेला आणि राष्ट्रगीत सुरू झालं. उभंच राहावं लागतं मग. दिवाळीला सभासदाची साखर मिळते सवलतीत, ती आणायला सगळे जातात, सभेला प्रश्न विचारायला कोण जात नाही. त्यामुळं सावलीताई, मालक असून उपयोग नसतो, विचारणारा मालक पाहिजे.

सावली_सांगली
दोन दिवस फक्त वाचतेय. खाडीकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून परत रिपोर्ट काढला. माझी कंपनीपण कोकणातच आहे. तुमची ती हीच का असं विचारणार नाही, तुम्हीही सांगू नका. पण रात्रभर एकच विचार येत राहिला की वडिलांनी घेतलेल्या शेअरवर २५-३० वर्षं मी पैसे घेतले आणि एकदासुद्धा विचारलं नाही की हे कसे आले. बँकेत असताना कर्ज देताना आम्ही शंभर कागद मागायचो. इथं काहीच नाही.

ऊसकरींचं पटलं. पण ३४० शेअरवालीनं विचारून कोण ऐकणार?

ताळेबंद
ऐकायला लावता येतं. तीन गोष्टी सांगतो.

पहिलं, तुमचे ३४० शेअर, दर्शनी किंमत १० रुपये धरली तर ३४०० रुपये. कायद्याच्या भाषेत २० हजारांपर्यंत दर्शनी किमतीचे शेअर असणारा तो लहान भागधारक. असे १००० जण किंवा एकूण लहान भागधारकांच्या एक दशांश, यातली जी संख्या कमी असेल तेवढ्यांनी नोटीस दिली तर लिस्टेड कंपनीत त्यांचा एक संचालक निवडता येतो, कलम १५१. फार कमी वेळा वापरलं जातं, पण आहे.

दुसरं, मतदान. ई-व्होटिंगची लिंक नोटिशीत असते, सभेच्या आधी तीन दिवस खिडकी उघडते, आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ला बंद होते. ओटीपी टाकला की ठराव समोर येतात, पाच मिनिटांचं काम. विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात, म्हणजे पावपेक्षा जास्त मतं विरोधात गेली तरी ठराव पडतो. ऑगस्ट २०२१ मध्ये आयशर मोटर्सच्या भागधारकांनी व्यवस्थापकीय संचालकांच्या फेरनियुक्तीचा आणि वाढीव पगाराचा ठराव असाच पाडला होता. नंतर पगाराची मर्यादा खाली आणून पुन्हा आणावा लागला. आपली मतं थोडी असतात हे खरं, पण म्युच्युअल फंडांची मोठी असतात, आणि सेबीनं एप्रिल २०२२ पासून फंडांना प्रत्येक ठरावावर मत देणं सक्तीचं केलंय, शिवाय वेबसाइटवर कारणासकट जाहीर करायचं. ज्यांची एसआयपी आहे त्यांनी आपल्या फंडानं कुठं काय मत दिलं ते जरूर बघा.

तिसरं आणि सगळ्यात सोपं, एजीएममध्ये म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेत बोलणं. आता बऱ्याच सभा ऑनलाइन असतात. आधी कसं, मुंबईला बिर्ला मातुश्री सभागृहात जायला लागायचं, सांगलीहून कोण जाणार. आता नोटिशीत एक ईमेल असतो, ठरलेल्या तारखेच्या आत 'मला बोलायचंय' म्हणून नाव नोंदवायचं.

सावली_सांगली
नोटीस बघितली. नाव नोंदवायची मुदत अजून चार दिवस आहे. नोंदवते. काय विचारू ते मात्र नीट सांगा, उगाच भावनेत बोलले तर 'तुमच्या सूचनेची नोंद घेतली' म्हणून पुढं जातील.

ताळेबंद
रिपोर्टमध्ये बीआरएसआर नावाचा भाग शोधा, कंपनीच्या जबाबदारीचा आणि शाश्वततेचा अहवाल. बाजारमूल्यानं पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा आहे. त्यात सहावं तत्त्व पर्यावरणाचं. पाणी किती उचललं, किती सोडलं, कुठं सोडलं, प्रक्रिया करून की तसंच, असा तक्ता असतो.

सावली_सांगली
सापडला. नदी, समुद्र, भूजल या सगळ्या ओळीत शून्य. 'तिसऱ्या पक्षाकडे पाठवले' या ओळीत सगळा आकडा आहे. म्हणजे खाडीत काहीच सोडत नाहीत ना? की मला कळलं नाही?

खाडीकाठ
ताई, तीच ओळ. तिसरा पक्ष म्हणजे सीईटीपी, एमआयडीसीचं सामायिक सांडपाणी केंद्र. सगळे कारखाने पाइपनं तिकडं पाठवतात आणि आपल्या कागदावर शून्य लिहितात, चुकीचं नाही ते, नियमात बसतं. पण सीईटीपीच्या ताकदीपेक्षा जास्त किंवा फार जास्त घाणीचं पाणी आलं की तेसुद्धा साफ करू शकत नाही, आणि तिथून पुढं पाइप आमच्याकडं येतो. आम्ही विचारायला गेलो की कंपनी म्हणते आम्ही सीईटीपीला दिलं, सीईटीपी म्हणते आम्हाला आलंच तसं.

तुम्ही एवढंच विचारा. कंपनीच्या गेटमधून बाहेर पडताना पाण्याचा सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं माप, किती असतो, वर्षभराची सरासरी नको, महिन्यामहिन्याचा, आणि जूनचा वेगळा. सीईटीपीतून बाहेर पडताना तो लिटरमागं २५० मिलिग्रॅमच्या आत येतो का हे कंपनी कधी बघते का. आणि गेल्या तीन वर्षांत प्रदूषण मंडळाच्या किती नोटिसा आल्या. लेखी उत्तर मागा.

सावली_सांगली
लिहून घेतलं. जूनचा वेगळा, हे अधोरेखित केलंय. सभा २९ तारखेला ११ वाजता आहे.

थेट_सवाल
सावलीताई, सभा २९ ची आहे तर माझंपण नाव नोंदवतो. कंपनी कुठली ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा, माझ्याकडं त्या सेक्टरचे तीन-चार शेअर आहेत, त्यातली असेल तर मी दुसरा बोलणारा.

खाडीकाठ
बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, त्यांना सांग भरती-ओहोटीची वेळ बघून नमुना घ्या, ओहोटी लागल्यावर दोन तासांनी. भरतीचं पाणी आलं की काही दिसत नाही.